मेल येते, पण जात नाही

श्रावणात दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे, तपासायला यायला लागले की माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एक दुखणं हमखास उपटतं. संपादकांची मेल येते, अटॅचमेंट उघडते, मी प्रुफं वाचते, दुरुस्त्या करते आणि परत पाठवायला सेंड दाबते. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसते ती बसतेच. पट्टी जरा सरकते, थांबते आणि मग चौकट उघडते: संदेश पाठवता आला नाही. त्याच वेळी नव्या मेल मात्र एकामागून एक येत असतात.

तीन पावसाळ्यांत हे माझ्याकडे पाच वेळा झालं. लक्षण पाचही वेळा तेच, कारण मात्र पाचही वेळा वेगळं निघालं. हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या दोन वेळी मी एकच आजार समजून एकच औषध दिलं. पासवर्ड बदलला, खातं काढून पुन्हा जोडलं, राउटर बंद करून चालू केला. त्यातून मूळ बिघाड तसाच राहिला आणि त्याच्या जोडीला माझ्या हातचा नवा बिघाड तयार झाला. संध्याकाळी सातला छापखान्यात जायची प्रुफं रात्री अकराला गेली, तीही शेजारच्या मुलीच्या फोनवरून.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जे घरी थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम वापरतात त्यांच्यासाठी हे मुख्यतः आहे. ब्राउझरमध्येच मेल उघडणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही, पण फाइलच्या आकाराचा आणि पत्त्यांचा भाग त्यांनीही वाचावा.

येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा

आमच्या चाळीत कुणाचंही नेट अडलं की जिन्याखालच्या डब्यापाशी केबलवाल्याचा मुलगा येतो. पहिल्या खेपेला मी त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, मेल येतेय ना तुमची? मग लाइन ओके आहे. आमच्याकडून काही नाही.” मलाही ते पटलं. येतंय म्हणजे जायलाही हवं, असंच कुणालाही वाटेल. पण मेलच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

येणारी मेल आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने येते. आयमॅपचं दार (सेटिंगमध्ये त्याला ‘पोर्ट’ म्हणतात) ९९३ नंबरचं, पॉपचं ९९५. जाणारी मेल एसएमटीपी या वेगळ्याच पद्धतीने जाते, तिचा सर्व्हर वेगळा, तिचं दार वेगळं. मेल प्रोग्रॅममध्ये तिची सेटिंगही वेगळ्या पानावर असते आणि तिचा पासवर्डही वेगळा साठवलेला असतो. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये डाव्या यादीच्या अगदी तळाला ‘आउटगोइंग सर्व्हर’ अशी ओळ आहे. ती वरच्या तुमच्या खात्याच्या नावाखाली येत नाही, त्यामुळे कित्येकांना ती दिसलेलीच नसते. मलाही दोन वर्षं दिसली नव्हती.

थोडं जुनं सांगते, कारण त्याशिवाय दारांच्या नंबरांचा गुंता सुटत नाही. एसएमटीपीचा मूळ मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, त्यामुळे पत्र टाकायला आलेल्याला ‘तू कोण’ असं विचारण्याची सोयच त्यात नव्हती. दार एकच, २५ नंबरचं, आणि ते सगळ्यांना उघडं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, त्यांत व्हायरस शिरले आणि मालकाला पत्ताही न लागता हेच कॉम्प्युटर २५ नंबरच्या दारातून हजारो फसव्या मेल पाठवू लागले. मग दोन गोष्टी झाल्या. डिसेंबर १९९८ मध्ये माणसांनी मेल टाकण्यासाठी ५८७ नंबरचं स्वतंत्र दार ठरलं, जिथे नाव आणि पासवर्ड दाखवून आत जायचं. आणि जगभरातल्या नेट पुरवणाऱ्यांनी घरगुती जोडण्यांवरून २५ बंद करायला सुरुवात केली. ४६५ हे तिसरं दार मधली बरीच वर्षं अधिकृत नसतानाही वापरात होतं, त्याला २०१८ मध्ये रीतसर मान्यता मिळाली.

घरच्या माणसाने यातून एवढंच घ्यायचं: जाणाऱ्या मेलसाठी ५८७ आणि ‘स्टार्टटीएलएस’, किंवा ४६५ आणि ‘एसएसएल/टीएलएस’. ही जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धतींची नावं आहेत. या जोड्या फोडायच्या नाहीत. ५८७ ला एसएसएल लावलं तर दोन्ही बाजूंना एकमेकींचं बोलणं कळत नाही आणि जोडणी तुटते. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं तर त्या एकमेकींच्या बोलण्याची वाट पाहत बसतात, आणि मिनिटभराने तुम्हाला ‘वेळ संपली’ असा निरोप मिळतो. २५ हा आकडा तिथे दिसला तर तो बदलायचाच.

माझं पहिलं कारण हेच होतं. खातं फार जुनं, सेटिंग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर तशीच उतरवत आणलेली, आणि दार २५. इतकी वर्षं ते चालत होतं, कारण आधीच्या केबलवाल्याने ते बंद केलेलं नव्हतं. चाळीतली जोडणी दुसऱ्याकडे गेली आणि एका रात्रीत मेल थांबली. मी काहीच बदललं नव्हतं, म्हणून दोष माझ्या सेटिंगमध्ये असेल असं मनातही आलं नाही. लाइन ठीक होती, कॉम्प्युटर ठीक होता, फक्त जुन्या दाराला कुलूप लागलं होतं.

सेटिंगला हात लावण्याआधी

आता मेल अडकली की मी आधी तीन गोष्टी करून बघते. पाच मिनिटं लागतात. तोवर एकही सेटिंग बदलत नाही, पासवर्ड तर नाहीच.

पहिली: स्वतःच्याच पत्त्यावर एका ओळीची मेल, अटॅचमेंटशिवाय. ती गेली आणि प्रुफांची जात नसेल तर रस्ता उघडा आहे, अडचण त्या विशिष्ट मेलमध्ये आहे: फाइल मोठी असेल किंवा पत्ता चुकीचा. इथेच निम्मा शोध संपतो.

दुसरी: ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन तीच एका ओळीची मेल. तिथूनही जात नसेल तर अडचण खात्यातच आहे आणि तुमच्या प्रोग्रॅमला कितीही खणलं तरी उपयोग नाही. तिथे बहुधा वर पट्टीत कारण लिहिलेलंच असतं. माझ्या नणंदेचं खातं असंच अडलं होतं. गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. तिच्या नातवाच्या बारशाचे व्हिडिओ फोनवरून आपोआप चढत गेले, जागा भरली आणि मेल येणं-जाणं दोन्ही थांबलं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: राउटर सोडून कॉम्प्युटर फोनच्या हॉटस्पॉटला जोडायचा आणि प्रोग्रॅममधून पुन्हा पाठवायचं. गेली, तर तुमचा कॉम्प्युटर आणि सेटिंग निर्दोष. अडचण घरच्या लाइनवर किंवा राउटरमध्ये आहे. हॉटस्पॉटवरही गेली नाही, पण ब्राउझरमधून जाते, तर अडचण कॉम्प्युटरमध्ये. मात्र दार २५ असेल तर हा प्रयोग फसवतो, कारण मोबाइलच्या जोडणीवरही ते बंद असू शकतं. आधी ५८७ आहे ना ते फक्त बघून घ्यायचं.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांच्यासाठी विंडोजमध्ये पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडून एक आज्ञा देता येते: टेस्ट-नेटकनेक्शन, मग जागा सोडून जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, मग जागा सोडून हायफन, पोर्ट आणि ५८७. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर दार उघडं आहे, ‘फॉल्स’ आलं तर वाटेत कुणीतरी अडवतंय. मी ही आज्ञा घरच्या लाइनवर आणि हॉटस्पॉटवर अशी दोन्हीकडे देते आणि दोन्ही उत्तरांचा फोटो काढून ठेवते. केबलवाल्याशी बोलताना हा फोटो कामी येतो. “नेट स्लो आहे” म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो. “तुमच्या लाइनवर ५८७ बंद आहे, मोबाइलवर उघडं आहे, हे बघा” म्हटलं की तो फोन वर कुणाकडे तरी देतो.

चौकटीतला आकडा

ती त्रासदायक चौकट आपण सगळेच न वाचता बंद करतो. त्यातलं इंग्रजी लांबलचक असतं आणि डोकं आधीच तापलेलं असतं. पण तिच्यात एक तीन आकडी नंबर असतो, आणि तो सर्व्हरने दिलेला असतो, तुमच्या कॉम्प्युटरने नाही. म्हणजे नंबर आला याचाच अर्थ तुमची मेल लाइन ओलांडून सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचली आणि तिथे तिला उत्तर मिळालं. नंबरच नसेल, नुसतं ‘जोडता आलं नाही’ किंवा ‘वेळ संपली’ असेल, तर ती बहुधा दारापर्यंत गेलेलीच नाही किंवा मध्येच जोडणी तुटली.

चारने सुरू होणारा नंबर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. ४२१ आलं तर अर्धा तास थांबून पुन्हा पाठवायचं, सेटिंग बदलायची नाही. पाचने सुरू होणारा नंबर म्हणजे ‘नाही’, आणि काही बदलल्याशिवाय पुन्हा पुन्हा सेंड दाबून उपयोग नाही. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड पटला नाही. ५३० म्हणजे तुम्ही ओळख न दाखवताच किंवा सुरक्षित जोडणी न करताच आत जायला बघताय. ५५२ म्हणजे मेल फार मोठी. ५५० सगळ्यात फसवं, कारण ते अनेक कारणांसाठी वापरतात. त्याच्यापुढे ठिपके देऊन आणखी आकडे असतात ते बघायचे. ५.१.१ असेल तर समोरचा पत्ताच अस्तित्वात नाही. ५.७.१ असेल तर सर्व्हरने धोरण म्हणून नकार दिलाय.

टेबलावर एक वही आहे. तारीख, वेळ, नंबर आणि त्या दिवशी घरात काय बदललं होतं, एवढंच तिच्यात लिहिते. पासवर्ड बदलला, विंडोज अपडेट झालं, केबलवाला येऊन गेला, नवा राउटर लावला. तिसऱ्या वेळेपासून कारण सापडायला दहा मिनिटं लागू लागली ती या वहीमुळे.

५३५, आणि पासवर्ड बरोबर असतानाही

हे माझं दुसरं कारण, आणि मला सर्वांत जास्त वेळ यानेच छळलं.

गूगलने नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद करत आणलं. त्यानंतर दोन वाटा उरल्या. एक, दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढायचा आणि तो प्रोग्रॅममध्ये टाकायचा. दोन, ‘ओऑथ’ नावाची पद्धत निवडायची, ज्यात प्रोग्रॅम स्वतः गूगलचं पान उघडतो आणि तुम्ही तिथे लॉगिन करता. मी पहिली वाट घेतली होती आणि वर्षभर सुखाने चाललं.

मग एकदा बँकेच्या नावाने आलेल्या संशयास्पद मेलमुळे घाबरून मी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला. मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे ॲप पासवर्ड गूगल रद्द करतं. हे मला माहीत नव्हतं. थंडरबर्डने येणाऱ्या मेलसाठी पासवर्ड विचारला. मी नवा ॲप पासवर्ड काढला, टाकला, मेल यायला लागली. तो पासवर्ड गूगल एकदाच दाखवतं, मी तो कुठे लिहून ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा सेंड दाबलं तेव्हा जाणाऱ्या सर्व्हरसाठी वेगळी चौकट आली, आणि मी तिथे माझा नवा मुख्य पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेव’वर खूण केली. झालं. येणाऱ्यासाठी बरोबर पासवर्ड, जाणाऱ्यासाठी चुकीचा, दोन्ही साठवलेले. मी ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड टाकून बघायची, तिथे तो चालायचा, आणि मग माझी खात्रीच पटायची की पासवर्ड बरोबर आहे.

उपाय असा. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली साठवलेले पासवर्ड बघायचं बटण आहे. यादीत एकाच खात्याच्या दोन ओळी दिसतात, एक आयमॅपने सुरू होणारी, दुसरी एसएमटीपीने. फक्त एसएमटीपीची ओळ काढायची, प्रोग्रॅम बंद करून उघडायचा, सेंड दाबायचं, आणि चौकट आली की योग्य पासवर्ड द्यायचा. त्याहून चांगलं म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही पानांवर पडताळणीची पद्धत ओऑथ करून टाकायची. दोन्ही पानांवर, हे महत्त्वाचं. पुढे मुख्य पासवर्ड बदलला तर ती पद्धत स्वतःहून लॉगिनचं पान पुन्हा उघडते.

ज्यांचा पत्ता मायक्रोसॉफ्टचा आहे, म्हणजे आउटलुक, हॉटमेल वगैरे, त्यांच्या वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डची पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे. तिथे ओऑथच लागतं. दहा-बारा वर्षं जुना मेल प्रोग्रॅम ओऑथ ओळखतच नसेल, तर सेटिंगशी झगडण्यात अर्थ नाही, प्रोग्रॅमच नवा घ्यावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी यात चार दिवस घालवले, म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि नाव म्हणून पूर्ण पत्ता द्यायचा, ॲटच्या चिन्हापुढच्या भागासह. नुसतं पहिलं नाव देऊन चालत नाही.

२१ एमबीची फाइल २५ च्या आत बसत नाही

तिसरं कारण कळलं तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटलं. फर्म्याची पीडीएफ २१ एमबी. मेल सर्व्हरची मर्यादा २५ एमबी. तरी ५५२.

मेलची पद्धत मुळात साध्या इंग्रजी अक्षरांच्या मजकुरासाठी बनली. चित्र, पीडीएफ, झिप यांतली माहिती तशीच्या तशी त्यातून जाऊ शकत नाही. म्हणून प्रोग्रॅम ती फाइल पाठवण्याआधी ६४ चिन्हांच्या लिपीत लिहून काढतो. दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडावी लागते. सगळं मिळून फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. माझी २१ एमबीची पीडीएफ वाटेत जवळजवळ २९ एमबी झाली होती. २५ च्या मर्यादेत बसायला मूळ फाइल १८ एमबीच्या आत हवी. सगळ्या अटॅचमेंट मिळून, एकेक नाही.

शिवाय समोरच्याचीही मर्यादा असते. काही लहान कंपन्यांचे सर्व्हर १० एमबीच्या पुढे घेत नाहीत. तेव्हा मेल तुमच्याकडून नीट जाते आणि दहा मिनिटांनी परत येते.

याला जोडून पावसाळ्याची गोष्ट. आमच्याकडे केबल गच्चीवरून आणि गॅलरीच्या कठड्यावरून ओढलेली आहे. जोराचा पाऊस लागला की कुठल्या तरी सांध्यात पाणी जातं आणि चढता वेग कोसळतो. उतरता वेग बराच राहतो, म्हणून बातम्या दिसतात, व्हिडिओ चालतो, आणि नेट ठीक आहे असं वाटतं. हिशोब केला तर १८ एमबीची फाइल फुगून २५ एमबी, म्हणजे २०० मेगाबिट. चढता वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर सगळं सुरळीत चालून तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढ्यात जोडणी एकदा जरी तुटली तरी मेल पहिल्यापासून सुरू होते. छोटी मेल जाते आणि मोठी जात नाही, नंबर नाही, नुसती ‘वेळ संपली’, आणि बाहेर पाऊस, असं असेल तर मी फाइलचे दोन तुकडे करते किंवा ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवते. ड्राइव्हवर चढवताना जोडणी तुटली तर ते पुन्हा जिथे थांबलं तिथून सुरू होतं, हा मोठा फायदा.

अँटिव्हायरस

थोडक्यात सांगते. चौथ्या वेळी एका अपडेटनंतर अँटिव्हायरसमधला ‘जाणारी मेल तपासा’ हा पर्याय आपोआप चालू झाला होता. घरच्या लाइनवर नाही, हॉटस्पॉटवर नाही, ब्राउझरमधून मात्र मेल जाते, अशी खूण. अख्खा अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही, आणि तसं करूही नये. फक्त तो मेलचा पर्याय बंद केला की झालं.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं तरी मेल अडते. तेव्हा मात्र येणारीही थांबते आणि ब्राउझर वेबसाइटच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार करतो, कारण त्याच्या मते आज १ जानेवारी असते आणि प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. जुन्या डेस्कटॉपचा भिंतीवरचा स्विच रोज रात्री बंद करणाऱ्यांकडे हे होतं. आतला सीआर २०३२ नंबरचा गोल सेल संपलेला असतो. घड्याळजीकडेही मिळतो.

पत्त्यातला मराठी आकडा

मराठी टायपिंग करणाऱ्यांना हे विशेष करून सांगायचं आहे, कारण मदतीच्या इंग्रजी पानांवर हे सापडत नाही. कीबोर्ड मराठीत असताना पत्त्यातला आकडा टाइप केला तर तो देवनागरी पडू शकतो. अक्षरं इंग्रजीत, मधलाच आकडा मराठीत. पत्ता वाचताना नजर त्यावरून घसरते, पण सर्व्हरच्या दृष्टीने तो वेगळाच पत्ता आहे आणि तो ५५३ किंवा ५५० देऊन नाकारतो. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या पत्त्याला शेवटी एखादं न दिसणारं चिन्ह किंवा पूर्णविराम चिकटून येतो, त्यानेही हेच होतं. एकाच माणसाला पाठवताना मेल अडत असेल तर पत्त्यांच्या यादीतून त्याचा पत्ता पुसून हाताने पुन्हा टाइप करा. हा पत्ता एकदा चुकीचा साठवला गेला की दर वेळी प्रोग्रॅम तोच पुढे करतो, म्हणून हे दुखणं परतपरत येतं.

‘डॉट भारत’ने संपणारे, पूर्ण देवनागरीतले पत्ते वेगळे. ते चुकीचे नाहीत. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. पण अशा पत्त्यावर मेल पोहोचायला पाठवणारा सर्व्हर आणि घेणारा सर्व्हर, दोघांनाही ती सोय यावी लागते. जीमेलला ती येते, सगळ्यांना येत नाही. आपल्या लिपीतला पत्ता घेणाऱ्या कवींबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून त्यांना पाठवायची मेल मी जीमेलवरूनच पाठवते.

सोसायटीचं काम बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, तिची १४ दिवस आधी सूचना, सोबत हिशेब. माझा भाऊ बोरिवलीच्या त्याच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे. १६० सभासदांना त्याने सूचना, हिशेब, दुरुस्तपत्र आणि आठवण अशा चार मेल एकाच दिवशी, प्रत्येकाला वेगवेगळ्या पाठवल्या. जीमेलची वैयक्तिक खात्याची मर्यादा दिवसाला ५०० आहे. ती ओलांडली की ५५० ५.४.५ येतं आणि २४ तासांपर्यंत काहीच जात नाही. त्यावर सेटिंगचा उपाय नाही, वाट बघायची. कामं दोन दिवसांत विभागायची.

गेलेली मेल, न गेल्यासारखी

पाचवं कारण सगळ्यात नुकसान करून गेलं, आणि तांत्रिकदृष्ट्या तो बिघाडच नव्हता.

थंडरबर्ड मेल पाठवून झाल्यावर तिची एक प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवतो. आयमॅप असेल तर ही प्रत पुन्हा सर्व्हरवर चढवावी लागते, म्हणजे मोठी फाइल दुसऱ्यांदा जाते. लाइन कच्ची असली की पहिली खेप पार पडते आणि दुसरी अडकते. मग चौकट येते की मेल पाठवली आहे, पण प्रत ठेवता आली नाही, पुन्हा प्रयत्न करू का. मी ती पुरती न वाचता मेल गेली नाही असं धरलं, खिडकी बंद केली, दोन ओळी आणखी दुरुस्त केल्या आणि पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. असं चार वेळा. संपादकांकडे एकाच फर्म्याच्या चार मेल गेल्या, प्रत्येकीत थोडा फरक, विषयाची ओळ तीच. त्यांनी दुसरी उघडली. एका कवितेतली शेवटची ओळ माझ्या तिसऱ्या प्रतीत दुरुस्त होती, ती चुकीचीच छापली गेली. कवयित्रीला मी फोन करून सांगितलं. त्या समजून घेऊन बोलल्या, पण छापलेला अंक परत घेता येत नाही.

जीमेल वापरत असाल तर प्रोग्रॅमला ही प्रत ठेवायला सांगायची गरजच नाही, जीमेल स्वतः ठेवतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’खाली ती खूण काढून टाका. मोठ्या फाइलचा चढण्याचा वेळ निम्मा होतो. आणि मी आता प्रत्येक प्रुफाच्या विषयात फर्मा क्रमांकासोबत वेळही लिहिते.

छापायला जायची वेळ आली असेल तेव्हा मी दुरुस्तीला बसतच नाही. ब्राउझर उघडते, तिथून पाठवते, संपादकांना फोन करून मिळाली का विचारते, आणि बिघाडाचा नंबर वहीत लिहून सकाळवर सोडते. पण त्याआधी आउटबॉक्स उघडून तिथे अडकलेली प्रत पुसते. ती राहिली तर दुसऱ्या दिवशी सेटिंग दुरुस्त होताच आपोआप सुटते, आणि रात्री पाठवलेल्या शेवटच्या प्रुफाच्या वर जुनं प्रुफ जाऊन बसतं.